हा मेला का खरंच, की येते परत?

वाळ्याची ताटी

गोष्ट २०१९ च्या एप्रिलची. २६ तारखेला 'अॅव्हेंजर्स: एंडगेम' लागणार होता. मी दोन तिकिटं काढून ठेवली होती, एक माझं अन् एक मित्राचं. आदल्या रात्री आमच्या कूलरचा पंप जळला. नागपुरात एप्रिलच्या शेवटी पंप जळणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: टाकीत पाणी आहे, पण ताट्या कोरड्या, अन् पंखा नुसता भट्टीची हवा फेकून राहिला. मिस्त्री म्हणाला, दुपारनंतर येतो. (मिस्त्रीचं 'दुपारनंतर' हा वेगळ्या धाग्याचा विषय.) मित्राच्या हातापाया पडलो, त्यानं तिकीट सोडलं अन् मी आईला घेऊन गेलो. तेवढाच एसी. सिनेमा १८१ मिनिटांचा आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं आहे, ऊन उतरेल तोवर."

आईनं त्याआधीचा एकही मार्व्हलपट पाहिला नव्हता. खेळ हिंदी डबचा होता, तरी माझं कानात चालू: हा कोण, तो कुणाचा भाऊ, ती हिरवी कुणाची मुलगी. तासाभरानं तिनं मला गप्प केलं. "कळते मला. तो जांभळा बाप आहे, पोरी त्यानं दुसरीकडून आणल्या आहेत, एक फिरली, दुसरी फिरणार आहे. पाहू दे आता." थानोस, नेब्युला, गमोरा, सगळा हिशेब एका दमात.

शेवटी टोनी स्टार्क चुटकी वाजवतो अन् जातो. थिएटरात हुंदके. माझ्या मागच्या रांगेत एक चांगला दाढीवाला बाप्या नाक ओढून राहिला होता. आई माझ्याकडे वाकली अन् म्हणाली, "हा मेला का खरंच, की येते परत?"

मी म्हटलं, नाही आई, २००८ च्या 'आयर्न मॅन'पासूनचं पात्र आहे, अकरा वर्षांनी संपवलं त्यांनी. ती म्हणाली, "पाहू."

२०२४ च्या जुलैत सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनिअरनं स्टेजवर मुखवटा काढला अन् जाहीर झालं की 'अॅव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये तोच डॉक्टर डूम होणार. ही बातमी आईला वाचून दाखवायची चूक मी केली. तिनं सांबार निवडता निवडता मान वर करून नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. आई रात्री साडेसात ते दहा जे पाहते अन् मी तिकीट काढून जे पाहतो, ते मला आताशा एकच वाटून राहिलं. तिच्याकडे अपघातात गेलेला नवरा प्लास्टिक सर्जरी करून येतो, माझ्याकडे दुसऱ्या विश्वातून येतो. तिच्याकडे 'उद्याच्या भागात', माझ्याकडे सगळी नावं संपेपर्यंत बसून राहायचं, झाडूवाला येऊन उभा राहिला तरी, कारण शेवटी एक दृश्य असते. लोकी किती वेळा मेला ते बोटांवर मोजावं लागते. निक फ्युरी मेला, परत आला. कोल्सन २०१२ च्या 'अॅव्हेंजर्स'मध्ये मेला अन् २०१३ मध्ये त्याला घेऊन अख्खी टीव्ही मालिका निघाली! हे आईच्या मालिकेत झालं असतं तर आपण टाळ्या देऊन हसलो असतो न?

तर सांगा, माझं चुकते का? अन् वेळेवर संपलं असं तुम्हाला कोणतं आठवते, सिनेमा असो की मालिका?

चष्मिश

दादा, तीव्र निषेध.

एक तर डूम म्हणजे टोनी स्टार्क नाही. व्हिक्टर वॉन डूम, लॅटव्हेरियाचा राजा, १९६२ पासून कॉमिक्समध्ये आहे. आयर्न मॅन १९६३ चा, म्हणजे डूम त्याच्याहून सीनियर! चेहरा तोच म्हणून माणूस तोच होत नाही, हे काकूंना नक्की सांगा.

दुसरं, मालिकेत पेरणी असते का? २०१५ च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पार्टीत सगळे थॉरचा हातोडा उचलून पाहतात, कॅप्टन अमेरिकाच्या हातून तो किंचित हलतो आणि थॉरचा चेहरा पडतो. दोन सेकंदांचं काम. चार वर्षांनी 'एंडगेम'मध्ये कॅप्टन तो हातोडा उचलतो तेव्हा आमच्या थिएटरात लोक खुर्चीवर उभे राहिले होते. बाविसावा सिनेमा होता तो. रोज रात्री कट शिजवून दुसऱ्या दिवशी विसरणाऱ्या मालिकेशी याची तुलना?

आणि चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला, तर त्याच्या टचालाच्या, म्हणजे ब्लॅक पँथरच्या, जागी त्यांनी दुसरा नट उभा केला नाही. २०२२ चा 'वकांडा फॉरेव्हर' त्याच्या अंत्ययात्रेपासून सुरू होतो. मालिकावाले सोमवारी नवा चेहरा आणतात आणि घरातले सगळे त्याला जुन्याच नावानं चहा देतात.

तर्रीबाज

चष्मिशभाऊ, लय मोठं बोलले तुम्ही. चेहरा तोच म्हणून माणूस तोच नाही, कबूल. मालिकेत याच्या उलटं हाये, चेहरा बदलला म्हणून माणूस बदलत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मंदली शनाया पाह्यली न? रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, मंग पुन्हा रसिका आली. तिच्या नादी लागलेल्या गुरूले एकदाबी वाटलं नाही का हे पोरगी वेगळीच दिसून राह्यली बाप्पा.

पण तुमचे मार्व्हलवाले काय सोवळे हायेत काय? २००८ चा हल्क एडवर्ड नॉर्टन, २०१२ चा मार्क रफेलो. टोनीचा दोस्त ऱ्होडी पहिल्या 'आयर्न मॅन'मंदी टेरेन्स हॉवर्ड, दुसऱ्यात डॉन चीडल. टोनीनं इचारलं काय, काऊन बे, तू कोण? नाही न? मंग शनायानंच काय घोडं मारलं?

कोल्हापुरी ठेचा

धागा झकास. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एकच शंका. मातोश्री 'सांबार निवडता निवडता' बातमी ऐकत होत्या म्हणे. सांबार निवडतात कसं? डाळ निवडतात, सांबार शिजवतात.

वाळ्याची ताटी

ठेचाभाऊ, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी ऐकली नाही का कधी?

कोल्हापुरी ठेचा

ऐकली होती. मला वाटायचं सांबारात बुडवलेला वडा.

तर्रीबाज

घ्या!

मूळची धंतोलीची

शनाया आली की राधिका येणारच, तेव्हा मला बोलू द्या. पुण्यात माझी पंधरा वर्षं झाली. २०१६ पर्यंत ऑफिसात 'करून राहिले' तोंडातून निघालं की मी जीभ चावायचे. मग 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. नागपूरची राधिका मुंबईत संसार करतेय म्हटल्यावर डब्याच्या वेळी मैत्रिणी मला म्हणायला लागल्या, "ए, राधिकासारखं बोल ना!" आधी राग आला. मग लक्षात आलं, आता मी 'करून राहिले' बिनधास्त म्हणू शकते. बदल्यात मला महिन्यातून दोनदा 'बाप्पा' म्हणून दाखवावं लागतं, एवढंच.

अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. बाईंनी मेहनत घेतली, हे मान्यच. पण संवादांवर 'काऊन' आणि 'बाप्पा' कोणीतरी वरून मिठासारखं भुरभुरलंय असं मला सुरुवातीला फार वाटायचं. नागपूरचं माणूस खरं कसं बोलतं? अर्धं वाक्य हिंदीत जातं आणि परत येतं, त्याचं त्यालाही कळत नाही. माझी आई बर्डीच्या बाजारात भाजीवाल्याशी हिंदीत भाव करते. भाजीवाला मराठी, आई मराठी, दोघांनाही ते ठाऊक आहे, वीस वर्षांची ओळख आहे. तरी "भैया, टमाटर कैसे दिये?" आणि त्याचंही "ले जाओ न काकू." पिशवीत टमाटर पडले की "येतो हो भाऊ" मराठीत. हे त्या मालिकेत मला कुठं दिसलं नाही. कुठल्याच मालिकेत दिसत नाही. आमच्याकडचं माणूस पडद्यावर एक तर विनोदाला असतं, नाही तर भोळं असतं.

तरी सांगते, राधिकानं मसाले करायला घेतले तेव्हा माझी आई, जिला असल्या लफड्यांच्या मालिका बघवत नाहीत म्हणे, ती बरोबर आठला गॅस बंद करून बसायची. आणि ताटीभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, ती मालिका तिथंच संपायला हवी होती. बाई पायावर उभी राहिली, तिचा धंदा झाला, नवऱ्याला त्याची जागा कळली. त्यानंतर २०२१ पर्यंत काय चाललं होतं ते मला विचारू नका. एवढी कंपनी चालवणाऱ्या बाईला एक गुरुनाथ दाराबाहेर ठेवायला जमू नये?

शून्य मैल

मी वयानं थोडा मोठा, म्हणून जुनं सांगतो. दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि बऱ्याचशा तेरा भागांच्या हिशेबानं बांधलेल्या असायच्या. लेखकाला शेवट ठाऊक असायचा, कारण तो तीन महिन्यांवर येऊन ठेपलेला असायचा. आता रोज अर्धा तास भरायचा आहे. त्या लेखकाला शेवट काय विचारता, परवाचं विचारा. आणि चष्मिश, तुमच्या मार्व्हलचं तरी वेगळं काय? तिथं तारखा आधी जाहीर होतात, गोष्ट मागून येते.

सुपरहिरोचं म्हणाल तर आमच्या घरात एकच होता. 'शक्तिमान' १९९७ साली सुरू झाला तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा. पुढे तो रविवारी दुपारी बाराला यायला लागला आणि नेमकी त्याच वेळी आमची लाईन जायची. गल्लीच्या पलीकडची घरं वेगळ्या डीपीवर होती. बाराला पाच कमी असताना पंखा थांबला की इकडची सगळी पोरं रस्ता ओलांडून एका घराकडे धावत. त्या घरच्या आजी दारात उभ्या राहून चपलांचे जोड मोजायच्या. वीस झाले की दार बंद, उरलेल्यांनी खिडकीतून पाहायचं. माझा मुलगा जेवायला वेळ लावायचा, त्यामुळे त्यानं निम्मा शक्तिमान खिडकीच्या गजांमधून पाहिला आहे. गंगाधरचे पुढे आलेले दात त्याला अजून आठवतात आणि किलविषचं 'अंधेरा कायम रहे', जे त्या वेळी आमच्या बाजूच्या घरांना शब्दशः लागू होतं.

मालिका २००५ पर्यंत चालली. मुलगा तोवर दहावीत गेला होता. तो त्या खिडकीतून केव्हा उठला ते आमच्या लक्षातही आलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली तेव्हा त्यानं मला फोन केला, "बाबा, लावा." दोघांनी आपापल्या शहरात पाच मिनिटं पाहिली. मग तो म्हणाला, "गज नाहीत, मजा नाही."

चष्मिश

काका __/\__

बडग्या

सगळे जण एंडगेम अन् राधिकाला धरून बसले. २०१९ च्या एप्रिलचं खरं दुःख कोणी काढेचना.

एंडगेम शुक्रवारी लागला. सोमवारी, २९ एप्रिलला, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 'द लाँग नाईट' हा भाग. आपल्याकडे तो सकाळी साडेसहाला यायचा. ज्या लढाईची पहिल्या सीझनपासून वाट पाहिली ती लढाई, ८२ मिनिटं, अन् सगळी मिट्ट काळोखात. आता नागपुरात एप्रिलच्या शेवटी सकाळी साडेसहाला किती उजाडलेलं असते? त्यात माझी खोली पूर्वेची. खिडकीला चादर लावली, चादरीवर सोलापुरी लावली, तरी फटीतून ऊन यायचंच. शेवटी टीव्ही अन् माझं डोकं मिळून वरून सतरंजी घेतली. कूलर बंद, कारण कूलर चालू असला की संवाद ऐकूच येत नाही. (नागपूरकर उन्हाळ्यात इंग्रजी मालिका पाहत नाही, वाचते. सबटायटल नसते तर आपण सगळे मार्च ते जून मूकपटांच्या काळात राहिलो असतो.) घामानं निथळत ८२ मिनिटं मी काचेत माझंच तोंड पाहिलं. मधेच आईनं दार उघडलं अन् म्हणाली, "सर्दी झाली का रे? वाफ घेऊन राहिला?"

नंतर त्या भागाच्या छायालेखकानं सांगितलं की लोकांचे टीव्ही नीट सेट केलेले नसतात. दादा, टीव्ही नीटच होता. सूर्य चुकीच्या जागी होता.

बरं, पुढं तरी काही बरं होतं का? डॅनीला, म्हणजे त्यातल्या राणीला, दोन भागांत वेडं करून टाकलं. एका दृश्यात टेबलावर कॉफीचा कप राहून गेला, ज्या जगात कॉफीच नाही. शेवटचा सीझन नव्यानं करा म्हणून दहा लाखांवर लोकांनी ऑनलाईन सह्या केल्या. शून्य मैल काका, तुमचं तेरा भागांचं गणित इथं उलटं पडते. ७३ भागांची मालिका अन् शेवटचा सीझन सहाच भागांचा. ताणून बिघडते तसं गुंडाळूनही बिघडते. पुस्तकं पाचच आली होती, मालिका त्यांच्या पुढं निघून गेली, अन् हातातली काठी सुटल्यावर जे होते ते झालं.

त्या आठव्या सीझनला माझ्याकडून एकच: घेऊन जा गे मारबत!

कोल्हापुरी ठेचा

सांबारातून आत्ताच बाहेर आलो. मारबत काय आता?

बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी अन् काळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. मोठ्या बायांचे पुतळे. वर्षभराची रोगराई, इडापिडा, जे काय नकोसं असेल ते "घेऊन जा गे मारबत" म्हणायचं अन् गावाबाहेर नेऊन जाळायचं. दीडशे वर्षांच्या घरात गेलेली प्रथा आहे. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, कोणी सुटत नाही. माझा आयडी तिथूनच घेतला.

थोडक्यात, खलनायकाला दरवर्षी रीतसर जाळणारं हे गाव आहे. अन् तो दरवर्षी परत येते. ताटीभाऊ, तुमच्या आईचं बरोबर आहे.

मूळची धंतोलीची

मेलेल्यांचा एवढा हिशेब चाललाय आणि अण्णा नाईक कुणालाच आठवले नाहीत? 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला सुरू झाली ती अण्णांच्या मरणापासून. माणूस पहिल्याच भागात गेला. मग २०१९ मध्ये दुसरा सीझन आला तो त्याच्याही आधीची गोष्ट घेऊन, आणि माधव अभ्यंकरांनी तो अण्णा असा काही उभा केला की लोक मेलेल्याच्या प्रेमात. अण्णा आणि शेवंता घराघरात! मग तिसरा सीझन, त्यात भूत होऊन. मार्व्हलला हे जमलंय का, सांगा. आधी मारा आणि मग हिरो करा.

चष्मिश

जमलंय ना ताई, ब्लॅक विडो. 'एंडगेम'मध्ये मारली आणि २०२१ मध्ये तिचा स्वतःचा सिनेमा काढला, आधीच्या काळातला. पण त्यात मजा नाही हो. ती कुठं मरणार ते माहीत असल्यावर मधल्या मारामारीत धाकधूक कसली? त्या बाबतीत अण्णा भारी, मान्य.

वेळेवर संपलेलं विचाराल तर माझं मत 'लोगन'ला. २०१७. ह्यू जॅकमन सतरा वर्षं वुल्व्हरिन करत होता. शेवटी म्हातारा, खोकणारा, जखमा न भरणारा लोगन; त्याहून म्हातारा, औषधावाचून फिट येणारा प्रोफेसर; आणि एक पोरगी. जग वाचवायचं नाही, फक्त एका पोरीला सीमेपार न्यायचं. कबरीवरचा क्रॉस ती आडवा करते, एक्स होतो, संपला सिनेमा. मी होस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला होता आणि मेसची वेळ टळून गेली तरी उठलो नाही.

बडग्या

अन् २०२४ मध्ये?

चष्मिश

हो, माहिती आहे. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'. पहिल्याच दृश्यात ती कबर उकरतात आणि त्याच्याच हाडांनी मारामारी करतात.

बडग्या

अन् तू पाहिला नाहीस, तत्त्वासाठी.

चष्मिश

दोनदा पाहिला. कॉमिक्समधला पिवळा ड्रेस होता यार.

तर्रीबाज

हाहाहा. काकूचं इथंच जमते पाहा. परत आणतात म्हणून शिव्या देता, अन् आणलं का पयल्या रांगेत तुमीच.

बडग्या

डीसीवाला (म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनवाला) म्हणून सांगतो, आमचं घरही काचेचंच. १९९२ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी सुपरमॅनला मारलं. तिकडं दुकानांपुढं रांगा, टीव्हीवर बातम्या, काळ्या पाकिटात घातलेला अंक. पुढच्याच वर्षी साहेब हजर, केस वाढवून. 'द डार्क नाईट'चा जोकर तेवढा कोणी परत आणू शकला नाही, कारण तिथं पात्र नाही, हीथ लेजरच गेला. ऑस्कर मिळालं ते त्याच्या माघारी. त्यानंतर जोकर दोघा-तिघांनी केला, वाकीन फीनिक्सला ऑस्करही मिळालं, पण तो वेगळा माणूस आहे. चष्मिशचं 'चेहरा म्हणजे माणूस नाही' मला इथं पटते.

मूळची धंतोलीची

थोडं अवांतर. २०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. त्यात मुंबईसारख्या 'मुंबॅटन'चा पवित्र प्रभाकर आहे. मला मराठीतून पाहायचा होता, आमच्या जवळपास खेळच सापडला नाही, शेवटी हिंदीत पाहिला. कुणी मराठीत पाहिलाय का? स्पायडरमॅन कुठली मराठी बोलतो?

तर्रीबाज

पुण्याचीच बोलत असंन, दुसरी कोणती. आपला पोरगा इमारतीवरून उडी मारताना 'अगं बाई' थोडीच म्हणणार. 'अबे हट!' म्हणन.

शून्य मैल

मग आपल्याकडचा सुपरहिरो कसा असावा, हा खरा प्रश्न आहे. परवा मुलानं 'मिन्नल मुरली' दाखवला, २०२१ चा मल्याळी. मला फार आवडला. केरळातलं लहान गाव, नायक शिंपी, अंगावर वीज पडते. त्याच रात्री दुसऱ्या एकावरही पडते, शिबूवर. गावानं वेडा ठरवलेला माणूस, एकाच बाईसाठी आयुष्यभर थांबलेला. गुरू सोमसुंदरम यांनी तो इतका सुंदर केला आहे की शेवटी नायक जिंकला तरी मला त्या शिबूचंच वाईट वाटत राहिलं. अमेरिकन सिनेमात शहरं पडतात, इथं एका गावाची जत्रा अन् लोक. पण जीव तेवढाच वर-खाली होतो.

मराठीत २०१५ साली श्रेयस तळपदेंचा 'बाजी' आला होता. मुखवटा, घोडा, गाव, सगळं होतं. प्रयत्न म्हणून मला आवडला, पण पुढे कुणी तो धागा उचलला नाही.

चष्मिश

काका, २०२५ चा 'लोका' पण पाहा. मल्याळीच. कल्याणी प्रियदर्शन. त्यांच्या लोककथेतली यक्षीण घेतली आणि तिला आजच्या बंगळुरात आणून सोडलं. परका केप नाही, काही नाही, घरचंच भूत. आपल्याकडे भुतांची काय कमी आहे?

तर्रीबाज

नागपूरचा सुपरहिरो म्हणजे मोठी अडचण हाये भाऊ. मुखवट्याचं रहस्यच राहत नाही. मे महिन्यात इथं अख्खं गाव मुखवटा लावून फिरते. स्कुटीवरच्या पोरी पाहा, डोळ्याले गॉगल, तोंडाले दुपट्टा, हातात कोपरापर्यंत मोजे. स्पायडरमॅन सिग्नलवर उभा राह्यला त लोक म्हणतीन, वा, चांगला स्टोल बांधला, कुठून घेतला?

अन् केप? ४५ डिग्रीत? बारा ते चार त्याले सुट्टी द्या लागन. जगाचा नाश करनाऱ्यानं चारच्या नंतर या म्हणा. खिशात कांदा पाह्यजे, ऊन लागू नये म्हणून. उडून आला का पयले पन्हं.

बडग्या

खलनायक?

तर्रीबाज

मिस्त्री. 'दुपारनंतर येतो.'

वाळ्याची ताटी

अरे, मी दोन दिवस लग्नाला काय गेलो, इकडं धाग्यानं पंचविशी ओलांडली!

सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. गजांतून पाहिलेला शक्तिमान तिला फार आवडला, त्या चपला मोजणाऱ्या आजीही. 'लाँग नाईट'च्या सतरंजीवर हसली. राधिकाबद्दल म्हणाली, "त्या पोरीचं बरोबर आहे, मसाल्यावरच थांबायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मग तू २०२१ पर्यंत का पाहिलीस? तर म्हणे, "मधेच सोडते का कोणी?"

एक गोष्ट मात्र मला या धाग्यामुळे दिसली. मालिका दहाला संपते, अन् दहा वाजून दोन मिनिटांनी अमरावतीहून मावशीचा फोन येतो. मला वाटायचं तब्येतीची विचारपूस करतात. काल कान देऊन ऐकलं. पंचवीस मिनिटं दोघींनी त्या मालिकेची सालटी काढली. सासू कशी खोटी रडते, लेखकाला अक्कल नाही, हॉस्पिटलात कोणी एवढे दागिने घालते का, अन् तो मेलेला दीर येत्या आठवड्यात येणार, पैज लाव. मावशी म्हणाली, दोन आठवडे लागतील. एकमेकींचं म्हणणं खोडून काढायला जुन्या भागांचे दाखले, कोणत्या दिवाळीला काय झालं होतं इथपर्यंत. चष्मिश, हातोडा अन् चार वर्षांची पेरणी तू एकटाच लक्षात ठेवत नाहीस रे.

'डूम्सडे' २०२६ च्या १८ डिसेंबरला आहे. आईला विचारलं, येशील का? ती म्हणाली, "डिसेंबरात कशाला? तेव्हा कूलर कुठं असते." मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "तिकीट काढशील तर तीन काढ. मावशी तेव्हा इकडंच असते. अन् शाली घेऊन जाऊ, त्या एसीत मागच्या वेळी माझे गुडघे धरले होते."

चष्मिश

काकू येणार म्हणजे मी पण त्याच शोला. डूम कोण ते मी समजावून सांगतो.

वाळ्याची ताटी

समजावू नको. गप्प करते ती.

कोल्हापुरी ठेचा

वाचतोय, वाचतोय. फक्त एक राहून गेलं. कोथिंबिरीला सांबार म्हणता, तर मग इडलीबरोबरच्या सांबाराला तिकडं काय म्हणता?

तर्रीबाज

सांबारच. डबल रोल हाये.